कोयत्याचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वृत्तपत्रांतून दरवर्षी एकाच प्रकारचे चिंतन प्रसिद्ध होते. अमुक जिल्हा पुढे, तमुक जिल्हा मागे; अमुक शाळेचा निकाल शंभर टक्के, तमुक शाळेचा लाजिरवाणा. मग कारणांचा शोध सुरू होतो. शिक्षक म्हणतात, घरी अभ्यासाचे वातावरण नाही. पालक म्हणतात, मास्तर शिकवीत नाहीत. सरकार म्हणते, योजना उत्तम होती, अंमलबजावणीत त्रुटी राहिल्या. तिघांचेही म्हणणे थोडेथोडे खरे असते आणि म्हणूनच तिघांचीही सुटका होते. ज्याचे वर्ष बुडाले ते मूल मात्र या चर्चेत कोठेच नसते. कारण निकालाच्या यादीत नापास म्हणून येण्यासाठीसुद्धा आधी परीक्षेला बसावे लागते, आणि परीक्षेला बसण्यासाठी शाळेत टिकावे लागते.

घर, शाळा आणि शासनाचे धोरण या तिहींपैकी मुलाचे शिक्षण कोण घडविते आणि कोण बिघडविते, हा प्रश्न परिसंवादाच्या व्यासपीठावरून सोडविण्यापेक्षा बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुकला गळिताच्या हंगामात जाऊन सोडविलेला बरा. तेथे या प्रश्नाचे दोन्ही टोकांचे उत्तर एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना पाहावयास मिळते.

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात १८८५ पासून खेळते आहे. एकोणीसशे पन्नासच्या दशकात येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्यामागून शिवनगरच्या शिक्षणसंस्था आल्या. १९९० पासून येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. परिसरात कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि शेजारच्या माळेगाव खुर्दला २००९ साली स्थापन झालेली, शेतीवरील अजैविक ताणांचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. गावाची आता नगरपंचायत झाली आहे. ज्या गावातील मुलाला पूर्वी हायस्कूलसाठी पायपीट करावी लागे, त्या गावातील मूल आज बालवाडीपासून पदवीपर्यंतचे शिक्षण घरच्या भाकरीवर घेऊ शकते. सहकाराने आणि पाण्याने हे घडविले. ही गोष्ट अभिमानाची आहे आणि ती अभिमानाने सांगण्यास आपण समाजवाद्यांनी संकोच करण्याचे कारण नाही.

परंतु दिवाळी सरता सरता याच परिसरात दुसरे एक गाव वसते. बीडमधील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून, पाथर्डीच्या माळरानावरून, मराठवाड्याच्या आणि खानदेशाच्या कोरडवाहू पट्ट्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मोकळ्या रानात बांबू, चटया, पाचट आणि प्लॅस्टिकचे कागद यांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे चारला चुली पेटतात. कोयते फडाकडे निघतात. कोपीत मागे राहते ती आठ-दहा वर्षांची मुलगी, तिच्या कडेवर धाकटे भावंड, आणि दाराशी बांधलेले वासरू. पलीकडच्या रस्त्याने सभासदांच्या मुलांना घेऊन इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या जातात. त्या मुलीच्या आईने तोडलेल्या उसावरच त्या गाडीचे भाडे भरले जाते, हे त्या मुलीला माहीत नसते. आपल्याला ते माहीत असावयास हवे.

घरची अनास्था की घरचे गणित?

सर्वप्रथम एका लोकप्रिय गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. या मुलांच्या शिक्षणाची हानी पालकांच्या अनास्थेमुळे होते, असे अधिकारी सांगतात, संस्थाचालक सांगतात आणि दुर्दैवाने आपले काही कार्यकर्तेही सांगतात. ज्याने ऊसतोडीचा करार एकदा तरी नीट समजावून घेतला आहे, तो असे म्हणणार नाही.

ऊसतोडीच्या व्यवहारात मजूर माणशी मोजला जात नाही. तो कोयत्याने मोजला जातो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पावसाळ्यातच मुकादम या जोडीला उचल देतो. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही असते. हंगामभर राबून ती फेडावयाची. आईने मुलांसाठी गावी राहावयाचे ठरविले, तर बाप उरतो तो अर्धा कोयता. त्याला उचलही अर्धीच, आणि पुष्कळदा मुकादम त्याला टोळीत घेतच नाही. म्हणजे मुलाला शाळेत ठेवण्याची किंमत दप्तर आणि गणवेश इतकी नसून ती घराच्या निम्म्या वर्षाची कमाई आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा हा दर टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर आला. एक जोडी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबून दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. त्यात आजारपण आले की खाडा, आणि खाड्याचा दंड वेगळा. या हिशेबात धाकट्या भावंडाला सांभाळणारी दहा वर्षांची मुलगी ही आईच्या कोयत्याची अट होऊन बसते. ती शाळेत गेली तर तान्हे मूल फडात न्यावे लागते; ते बांधावर उन्हात ठेवावे लागते; बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या येण्याजाण्यात त्याच्यावर लक्ष कोणी ठेवावयाचे?

मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की तो वाढे बांधू लागतो, मोळ्या वाहू लागतो, बैलगाडी हाकू लागतो. बालकामगारविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली तेव्हा शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाला मदत करण्याची सवलत मुलांना, म्हणजे खरे तर त्यांच्या श्रमावर जगणाऱ्यांना, ठेवली गेली. ज्या मुलाच्या आयुष्यातून सहा महिने शाळाच गेली आहे, त्याची शाळेची वेळ कोणती आणि नंतरची वेळ कोणती? मुलगी वयात आली की कोपीत तिला एकटी ठेवण्याची भीती, आणि लग्न झाले की एक नवा पूर्ण कोयता. बालविवाहाविरुद्ध भाषणे करणाऱ्यांनी या व्यवहाराची ही बाजूही कधी तपासावी. जेथे लग्न झाल्याखेरीज पूर्ण उचल मिळत नाही, तेथे पोलिसांच्या भीतीने लग्ने फार तर लपून होतील, थांबणार नाहीत.

याला अनास्था म्हणावयाचे असेल तर ती कराराने निर्माण केलेली अनास्था आहे. रूढ अर्थाने अनास्था असती, तर या आईबापांनी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर मुले गावी ठेवण्याची धडपडच केली नसती. शक्य असेल तेथे ते ती करतातच. आजी थकली किंवा वारली की त्यांचा नाइलाज होतो.

दोन शाळांच्या मधोमध

घरानंतर शाळेकडे वळू. शाळा जूनमध्ये उघडते आणि एप्रिलमध्ये परीक्षा होऊन मिटते. गळीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होते आणि मार्च-एप्रिलमध्ये संपते. म्हणजे कोयत्याचे वर्ष आणि शाळेचे वर्ष यांची सांधेजोड अशी काही जमलेली आहे की मुलाच्या वाट्याला पहिले सत्र येते आणि दुसरे संपूर्ण सत्र जाते. शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरली पाहिजे असे सांगितले आहे. त्यातले जवळजवळ निम्मे दिवस या मुलांना मिळत नाहीत. ढोबळ हिशेब केला तरी आठवी झालेल्या अशा मुलाने प्रत्यक्षात चार-साडेचार वर्षांचेच शिक्षण घेतलेले असते. वयाप्रमाणे वर्ग मिळतो, वर्गाप्रमाणे दाखला मिळतो, परंतु दाखल्याप्रमाणे अक्षरओळख नसते. मग एखादी पाहणी होते, आणि पाचवीच्या मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही म्हणून हाकाटी होते. २०२२ च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनाच दुसरीचा धडा वाचता आला. हा आकडा वाचून शिक्षकांवर तुटून पडणाऱ्यांनी वर्गातील मुले वर्षातून किती महिने वर्गात होती, हेही एकदा विचारावे.

येथे प्रशासनाच्या एका साध्या तारखेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यावयाचे हे ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवरून ठरते. त्यालाच संचमान्यता म्हणतात. ३० सप्टेंबरला मजुरांची मुले आपापल्या गावच्या पटावर असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती कारखान्यांच्या परिसरात येतात. परिणामी शिक्षकाची जागा शिरूर कासारला आणि मूल माळेगावला, अशी विभागणी राज्याच्या नियमानेच होऊन जाते. इकडच्या शाळेत मूल आलेच तर त्याच्यासाठी बाक नसतो, पुस्तकांचे आणि गणवेशांचे वाटप होऊन गेलेले असते, आणि अगोदरच दोन-दोन वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींपुढे निरनिराळ्या धड्यांवरून उठून आलेली पाच-पन्नास मुले अचानक उभी राहतात. तिकडच्या शाळेचे दुर्दैव याच्या उलट. मुले निघून जातात, वर्ग ओस पडतो, आणि अशाच विरळ पटाच्या शाळा ‘समूह शाळे’त विलीन करण्याच्या योजना सप्टेंबर २०२३ मध्ये निघतात. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांतील १ लाख ८५ हजारांवर मुले यांचा विचार सरकारी कागदोपत्री खर्चाच्या भाषेत झाला. वाडीवरची शाळा बंद झाली तर आजीच्या आधारावर मागे राहिलेले मूलही कोयत्याबरोबर गाडीत बसेल, ही गोष्ट खर्चाच्या रकान्यात मावत नाही.

काही विद्वान म्हणतील, शाळा कितीही सुधारली तरी घरची परिस्थितीच अखेर निर्णायक ठरते. या मताला आधार म्हणून अमेरिकेतील १९६६ चा कोलमन अहवाल पुढे केला जातो. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून त्या अहवालाने म्हटले की मुलांच्या यशापयशात शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा वाटा मोठा असतो. परंतु १९८३ साली हेनेमन आणि लॉक्सली या संशोधकांनी २९ देशांतील माहिती तपासली, तेव्हा त्यांना आढळले की देश जितका गरीब, तितका मुलांच्या शिकण्यात शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा अधिक. याचे कारण आपल्याला पुस्तकाशिवायही कळते. ज्या घरात पुस्तक नाही, दिवा नाही, वाचून दाखविणारे कोणी नाही, त्या घरातील मुलाला अक्षर मिळण्याचे एकमेव ठिकाण शाळाच असते. सधनाच्या मुलाचे सहा महिने बुडाले तर शिकवणी ते भरून काढते. ऊसतोड मजुराच्या मुलाचे सहा महिने बुडाले तर ते बुडालेच. म्हणून घरच्या दारिद्र्याकडे बोट दाखवून शाळेला आणि शासनाला मोकळे करणारा युक्तिवाद पुरोगामी भासला तरी परिणामी तो प्रतिगामीच ठरतो.

धोरणांची धरसोड

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. शासनाने पुष्कळ केले. परंतु एक सुरू करताना आधीचे मोडले, आणि दुसरे मोडताना पहिले आठवले नाही. जनार्थसारख्या स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालविल्या. पुढे शासनानेही त्या योजनेला हात दिला. त्या शाळा अपुऱ्या होत्या, त्यांतील शिक्षक अल्प मानधनावरचे होते, गरिबांसाठी वेगळी आणि दुय्यम शाळा हे तत्त्वही आपल्याला मान्य होण्यासारखे नव्हते. परंतु त्या कोपीपासून हाकेच्या अंतरावर होत्या.

मग १ एप्रिल २०१० रोजी शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, असे या कायद्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. तत्त्व निर्दोष होते: प्रत्येक मूल नियमित शाळेत. साखरशाळा कायद्याच्या व्याख्येत बसेनात, म्हणून त्या आवरल्या गेल्या. पण नियमित शाळेने या मुलांकडे जावयाचे कसे, याची व्यवस्था मात्र झाली नाही. जुने घर पाडले आणि नव्या घराचा नकाशा हाती दिला, तशातला प्रकार. त्यानंतर शिक्षण हमी पत्रक आले. मुलाने गाव सोडताना ते बरोबर न्यावे आणि जेथे जाईल तेथील शाळेत दाखवावे. कल्पना चांगली, पण पत्रक चालून शाळेत जात नाही. तळापासून शाळा तीन किलोमीटर, मध्ये उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांचा रस्ता, आणि टोळी आज या फडात तर आठवड्याने त्या फडात.

गावी मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. आजवरच्या सर्व उपायांत हाच उपाय मुलाच्या अधिक हिताचा ठरला, कारण त्यात मुलाची शाळा बदलत नाही. परंतु अनुदान उशिरा येते, गळीत सुरू झाल्यावर मंजुरी येते, आणि टोळी निघून गेल्यावर वसतिगृहाचे दार उघडते, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. २०१९ साली गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहे काढण्याची योजना मंजूर झाली. एका वसतिगृहात १०० मुले धरली, तर सर्व वसतिगृहे पूर्ण क्षमतेने चालली तरी ८,२०० मुलांची सोय होते. राज्यातील ऊसतोड मजुरांची संख्या मात्र लाखांत मोजावी लागते. नावे मोठी, उद्‌घाटने मोठी. आकडे तेवढे लहान.

या संदर्भात एक परदेशी उदाहरण मुद्दाम देतो, कारण ते भांडवलशाहीच्या माहेरघरचे आहे. अमेरिकेतही पिकांमागून राज्याराज्यांत फिरणारे शेतमजूर आहेत, आणि त्यांची मुलेही अशीच शाळांमधून गळत. तेथील केंद्र सरकारने १९६६ साली केवळ या मुलांसाठी शिक्षणाचा स्वतंत्र कार्यक्रम कायद्याने सुरू केला आणि थोड्याच वर्षांत मुलाची शैक्षणिक नोंद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठविणारी यंत्रणा उभी केली. त्यातून तेथे स्वर्ग अवतरला नाही. परंतु फिरत्या मजुराच्या मुलाची जबाबदारी ज्या गावात ते आज आहे त्या गावाची आणि संपूर्ण देशाचीही आहे, एवढे त्यांनी मान्य केले. तेथे राज्यांच्या सीमा ओलांडाव्या लागल्या. आपल्याला केवळ बीड जिल्हा परिषदेने पुणे जिल्हा परिषदेशी बोलावयाचे आहे. दोन्हीकडे तीच भाषा, तेच पाठ्यपुस्तक आणि तेच शिक्षण खाते आहे.

टन कोणाचा?

आता मुळाशी जाऊ. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात एक साधा प्रश्न उपस्थित केला होता. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो. मग तो उच्चवर्गीयांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो आणि रयतेच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा का होते? निदान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंडही ठेवला. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. उसाच्या पट्ट्यातील आजची सधन शेतकऱ्याची पिढी ही या परंपरेची लाभार्थी आहे. फुल्यांची रयत आज कारखान्याची सभासद झाली, संचालक झाली, काही ठिकाणी शिक्षणसंस्थांची धनीही झाली. १९८३ साली विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडल्यावर तर साखरसम्राट आणि शिक्षणसम्राट हे दोन शब्द महाराष्ट्रात एकाच श्वासात उच्चारले जाऊ लागले.

सभासदाच्या उसाच्या बिलातून टनामागे काही पैसे शिक्षणासाठी कापून घेण्याची प्रथा सहकारी कारखानदारीत जुनी आहे. त्यातून शाळा-महाविद्यालये उभी राहिली, हे चांगलेच झाले. परंतु जोतीरावांचा प्रश्न आज त्यांच्या वारसांनाच विचारावा लागतो. तो टन केवळ सभासदाचा आहे काय? तो पाण्याचा आहे, जमिनीचा आहे, आणि जिने तो तोडून, बांधून, डोक्यावर वाहून गाडीत चढविला त्या बाईचाही आहे. मग त्या टनावरच्या शिक्षणाच्या पैशात तिच्या मुलीचा वाटा किती?

यावर कारखान्यांचे उत्तर ठरलेले असते: हे मजूर आमचे नाहीत, ते मुकादमाचे आहेत, आमचा करार तोडणी-वाहतुकीच्या ठेकेदाराशी आहे. ज्याच्या फडात केव्हा जावयाचे हे कारखान्याचे शेतकी खाते ठरविते, ज्याला चिटबॉय चिठ्ठी देतो, ज्याची गाडी कारखान्याच्या काट्यावर वजन होते आणि ज्याचे पैसे कारखान्याच्या हिशेबातून निघतात, तो मजूर कारखान्याचा नाही, हे कायद्याचे अजब तर्कशास्त्र आहे. या एका पळवाटेतून किमान वेतन सुटते, विमा सुटतो, पाळणाघर सुटते आणि शाळाही सुटते.

येथे लहान शेतकऱ्याला शत्रू समजण्याची चूक आपण करता कामा नये. एक-दोन एकर ऊस असलेला सभासद स्वतः तोडीची वाट पाहत हवालदिल असतो. तोडणीसाठी त्याच्याकडून वरपैसेही मागितले जातात. त्याला सांगितले जाते की मजुराला जास्त दिले तर तुझा भाव कमी होईल. मजुराला सांगितले जाते की शेतकरी मोबदला द्यावयास तयार नाही. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करून मधल्या मध्ये जो सुरक्षित राहतो, तो प्रश्नाचा खरा धनी आहे. यंत्राने ऊस तोडावयास लागले की प्रश्नच संपेल, असेही काही जण सांगतात. यंत्र येईल तेव्हा मजुराचा कोयता जाईल. पण हाताला दुसरे काम देणारे शिक्षण त्याच्या मुलाजवळ नसेल, तर एका अन्यायाच्या जागी दुसरा अन्याय उभा राहील. यंत्र येत आहे म्हणूनच या पिढीचे शिक्षण अधिक निकडीचे आहे.

आपण काय मागावयाचे?

मागणी नेमकी असली पाहिजे. नाही तर तिचेही पत्रक होते आणि वाऱ्यावर उडते.

पहिली मागणी गाळप परवान्याची. शेतकऱ्याची एफआरपी थकविणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना साखर आयुक्त अडवू शकतात. ही ताकद शेतकरी चळवळीने लढून निर्माण केली. तोच न्याय मुलांना लावा. परिसरातील प्रत्येक तळावरील मुलांची मोजणी, त्यांच्या शाळेची आणि वाहनाची व्यवस्था, तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आणि त्यावरील बालकांसाठी अंगणवाडी, यांचा आराखडा दिल्याशिवाय परवाना नाही. पाळणाघर ही यातली दुय्यम बाब नाही. तान्ह्या भावंडाची सोय झाली तरच मोठी बहीण शाळेत जाते.

दुसरी मागणी शिक्षकाची. ३० सप्टेंबरच्या पटावर मिळालेली शिक्षकाची जागा मुलाबरोबर हलली पाहिजे. ज्या तालुक्यातून शंभर मुले निघाली, तेथील तीन शिक्षक हंगामापुरते योग्य भत्त्यासह त्या परिसरातील शाळेत पाठवा. मुलाला आपले गुरुजी परमुलखात भेटले, तर त्याच्या पायातले अर्धे बळ परत येते.

तिसरी मागणी वसतिगृहाची. हंगामी वसतिगृह पहिला कोयता गाव सोडण्याआधी उघडले पाहिजे, आणि त्याचे अनुदान जूनमध्येच गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती पडले पाहिजे. जे मागे राहू शकते त्याला मागे ठेवा. जे येणारच आहे त्याच्यासाठी तळावर शाळा पोहोचवा. या दोन व्यवस्थांपैकी एक निवडण्याचा हट्ट सोडा.

चौथी मागणी हिशेबाची. महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपावर टनामागे १० रुपये द्यावेत आणि तितकीच भर शासनाने घालावी, असा निर्णय झालेला आहे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचे यातून १ कोटी आणि शासनाचे १ कोटी होतात. या २ कोटींतून त्या कारखान्याच्या परिसरातील किती मुले शिकली, याचा जमाखर्च कारखान्याच्या वार्षिक सभेत आणि मजुरांच्या गावच्या ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे.

आणि पाचवी मागणी, जिच्याशिवाय बाकीच्या चार लंगड्या आहेत, ती कराराची. कोयता म्हणजे जोडी ही व्याख्या मोडा. मजुराची नोंद, उचल आणि मोबदला स्वतंत्रपणे माणशी झाला पाहिजे. स्त्रीच्या नावावर तिची मजुरी जमा झाली पाहिजे. आईला मागे राहण्याचा किंवा एकटीने काम घेण्याचा खरा पर्याय मिळेल, त्या दिवशी मुलाच्या शाळेचा प्रश्न निम्मा सुटेल.

या मागण्या सरकारपुढे मांडताना थोडे स्वतःकडेही पाहू. टनामागच्या दरासाठी आपण संप केले, मोर्चे काढले, आणि ते योग्यच होते. पण आपल्या मागणीपत्रकात मुलांची शाळा हे कलम बहुधा शेवटी असते, आणि वाटाघाटीत पहिल्यांदा सोडले जाते तेही तेच. दरवाढ मिळाली की गुलाल उधळला जातो. तळावरील मुले तो गुलाल गोळा करण्यात दंग होतात. कोठारी आयोगाने १९६६ साली श्रीमंत-गरीब सर्वांच्या मुलांसाठी समान शाळेची आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तोच सहा टक्क्यांचा संकल्प पुन्हा लिहून काढला. चोपन्न वर्षे एकच वाक्य उतरवून काढणारा विद्यार्थी आपण नापास करू. शासनाला मात्र प्रत्येक निवडणुकीत वरच्या वर्गात घालतो.

म्हणून बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील प्रत्येक कार्यकर्त्याला एक साधे काम सुचवावेसे वाटते. येत्या हंगामात मोळी टाकण्याचा समारंभ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील तळांवर वही घेऊन जा. प्रत्येक कोपीतील मुलांची संख्या, वय, गावची शाळा आणि इयत्ता लिहून काढा. ती यादी घेऊन जवळच्या शाळेत जा, मग गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जा, मग कारखान्याच्या कचेरीत जा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. एक महिन्याने तीच वही घेऊन पुन्हा तळावर जा आणि किती मुले शाळेत गेली ते मोजा. भाषणाने जे सिद्ध होत नाही ते मोजणीने सिद्ध होते, आणि मोजले गेलेले मूल नाकारणे कोणत्याही कचेरीला सोपे जात नाही.

घर, शाळा आणि धोरण यांपैकी दोषी कोण, या वादाचे उत्तर माळेगावच्या रस्त्याने दिलेले आहे. रस्त्याच्या एका बाजूला ही तिन्ही एकमेकांच्या हातात हात घालून उभी राहिली, आणि शेतकऱ्याचा मुलगा अभियंता झाला. दुसऱ्या बाजूला ही तिन्ही एकमेकांकडे बोट दाखवीत उभी आहेत, आणि मजुराची मुलगी कोपीच्या दारात भावंड सांभाळीत बसली आहे. बुद्धी दोघांना सारखीच होती. पाणी एका बाजूला पोहोचले. दुसऱ्या बाजूचा पाट अजून कोणी खोदलेला नाही. तो खोदण्याचे काम आपले आहे.